टाकीखालची चुंबळ

नवा जिल्हा झाला तेव्हा सगळ्यात आधी पाट्या आल्या. कचेऱ्या नंतर आल्या, खुर्च्या त्याच्याही नंतर, आणि त्या खुर्च्यांवर बसणारे साहेब कधी आले, कधी आलेच नाहीत. लातूर जिल्ह्याचं ठिकाण झालं म्हणून आमच्या गावानेही पेढे वाटले. वाटणाऱ्यांचे चेहरे असे होते की जणू उद्यापासून कलेक्टर आमच्याच पारावर येऊन तंबाखू मळणार आहेत. आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूला, मांजरेच्या काठावर. आधी सरकारी कामाला निघालं की 'नाही' हा शब्द ऐकायला दिवसभराचा प्रवास करावा लागायचा. नवा जिल्हा झाल्यावर तोच शब्द ऐकून माणूस दुपारच्या जेवणाला घरी परत येऊ लागला. गाव त्यावर खूश होतं.

माझे वडील सरकारी रोपवाटिकेत मुकादम होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. जिल्ह्याची वाटणी झाली तशी रोपवाटिकेच्या सामानाचीही झाली. खुरपी, झाऱ्या, बादल्या वाटल्या गेल्या. मग एक ट्रॅक्टर उरला. मोठा शेतातला ट्रॅक्टर नव्हे, बागेतला. रोपांच्या दोन ओळींमधून जाईल एवढाच, कुठल्याशा योजनेतून परदेशातून आलेला. त्याच्यावर बसलं की गुडघे छातीला लागायचे. ट्रॅक्टर काही चिरता येईना, म्हणून साहेबांनी डोकं लावलं. जे हलतं ते नव्या जिल्ह्याला, जे कोठारात आहे ते जुन्या जिल्ह्याला. त्यामुळे ट्रॅक्टर आला नव्या जिल्ह्यात, आणि त्याच्या सुट्या भागांची पेटी राहिली जुन्या जिल्ह्यात. पुढे ट्रॅक्टर बिघडला. जुन्या जिल्ह्यातले म्हणाले, तुमच्या जिल्ह्यात मागा. नव्या जिल्ह्यातले म्हणाले, अजून आमच्याकडे कोठारच नाही, तर त्यात पेटी कुठून असणार? शेवटी ट्रॅक्टर निकामी ठरला आणि लिलावात निघाला. लिलावाला माणसं पुष्कळ आली, पण सगळी बघायला. बोली एकट्या अण्णांनी लावली.

ट्रॅक्टर आमच्या वस्तीत आला त्या दिवशी गावातले लोक हसले. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला, बौद्धांची. घराघरात दोन तसबिरी, आणि मधोमध समाजमंदिराचा चौथरा, ज्याच्यावर मंदिर पुढे कधीतरी होणार होतं. "लेकराचं खेळणं आणलं का रं?" असं गावातल्या एकानं अण्णांना विचारलं होतं. तेव्हा गावातलं कुणीही अण्णांना त्यांच्या अर्ध्या नावानं हाक मारायचं. अर्धं नाव आणि पूर्ण 'रं'.

मग पाऊस गेला. पहिल्या साली गेला तेव्हा लोक म्हणाले, येईल. दुसऱ्या साली म्हणेनासे झाले. गावातल्या विहिरी आटल्या, मग आमच्या वस्तीतली आटली. पाण्याच्या बाबतीत एवढी बरोबरी गावात आधी कधी झाली नव्हती. मांजरेच्या पात्रात वाळू उकरून केलेल्या झऱ्यात तेवढं पाणी होतं, आणि झऱ्यापासून गावापर्यंत अंगावर येणारा चढ. बैल लोकांनी पाहुण्यांकडे, चारा असेल तिकडे धाडले होते. तेव्हा गावाच्या लक्षात आलं की चढावर पाणी ओढून आणील असं एकच जनावर उरलंय, आणि ते आमच्या दारात उभं आहे.

अण्णांनी एका जुन्या गाड्याच्या सांगाड्यावर लोखंडी टिपाडं बसवली, तो सांगाडा ट्रॅक्टरला जोडला आणि पाणी आणायला सुरुवात केली. मी तेव्हा दहावीत होते. वस्तीतून दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी, असं अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. पाहुणा निघून चालला असेल तर त्याला थांबवून सांगायचे. माझ्यापुरता हिशेब सरळ होता. ट्रॅक्टर चालला तर मी शाळेत, ट्रॅक्टर बसला तर मी नदीत. माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची, धाकटी भावंडं हंडा उचलण्याएवढी नव्हती. त्यामुळे सकाळी इंजिन सुरू होतंय का, याकडे माझा कान लागलेला असायचा. धाड्धाड् आवाज सलग आला की दप्तर घ्यायचं. आवाज खोकून खोकून थांबला की भूमितीला रामराम, आणि हंडा डोक्यावर. गणिताच्या गुरुजींना वाटायचं मला भूमिती आवडत नाही. मला भूमिती आवडत होती. ट्रॅक्टरला आवडत नव्हती.

आमच्या टिपाडातलं पाणी गावानं प्यायचं कसं, हा प्रश्न मात्र मोठा होता. त्यावर पारावर बैठक बसली. पारावर एक म्हातारे असायचे, गाव त्यांना जाणते म्हणायचं. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला, "पाणी नदीचं. टिपाड लोखंडाचं. नळी रबराची. ह्यात माणसाचा हात कुठं आला?" नळी पाटलांच्या बंद पडलेल्या मोटारीची होती, म्हणजे ती तर शुद्धच. तेव्हापासून असं ठरलं की अण्णांनी ट्रॅक्टर उभा करून बाजूला व्हायचं, गावातल्या कुणीतरी नळीचं तोंड धरायचं आणि घागरी भरायच्या. टिपाडात असेपर्यंत पाणी आमचं, नळीत शिरलं की त्यांचं. आणि अण्णा अर्ध्या नावावरून एकदम 'मुकादम' झाले. अण्णांना याचं हसू यायचं. मला राग यायचा. राग मी अण्णांवर काढायचे, कारण दुसऱ्या कुणावर काढायची सोय नव्हती.

"तुमी पाणी कशाला देता त्यांना?" मी विचारायचे.

"तहान लागलीया त्यांना," अण्णा म्हणायचे, आणि वर, "तू गणित कर."

ट्रॅक्टरचा एकेक भाग मोडत चालला होता. सुटे भाग तर जुन्या जिल्ह्याच्या कोठारात सुखानं झोपले होते. पंख्याचा पट्टा तुटला तेव्हा अण्णा गिरणीवाल्याकडे गेले. दळायला दाणेच नव्हते, म्हणून गिरणी बंद होती. त्यानं गिरणीच्या पट्ट्यातून एक चिंधोटी कापून दिली, अण्णांनी ती दाभणानं शिवून पंख्याला चढवली. डिझेलमध्ये गाळ यायला लागला तेव्हा गावातल्या हॉटेलवाल्यानं चहाची गाळणी दिली. हॉटेल म्हणजे एक छप्पर आणि एक स्टोव्ह. तिथं आमच्या माणसांचे कप वेगळे, खांबाला टांगलेले असायचे. पिऊन झालं की आपला कप आपणच विसळून पुन्हा खांबाला टांगायचा. त्या हॉटेलची गाळणी आमच्या ट्रॅक्टरच्या पोटात गेली आणि रोज आमच्या हातचं डिझेल गाळू लागली. तिला कुणी काही विचारलं नाही.

ब्रेकचं तर विचारूच नका. या ट्रॅक्टरचा ब्रेक म्हणजे चाकाभोवतीचा एक पट्टा. तो झिजून गेला आणि नदीच्या उतारावर अण्णा एकदा थेट झऱ्यापर्यंत गेले, ट्रॅक्टरसकट. झऱ्यावर बायका होत्या, त्या ओरडत पळाल्या. दुसऱ्याच दिवशी गावचा न्हावी आपला वस्तरा घासायचा चामडी पट्टा घेऊन हजर. आमच्या लोकांची हजामत तो करायचा नाही, अण्णा त्यासाठी शिरूरला जायचे. पण त्याची बायको त्या झऱ्यावर होती. "हे लावा मुकादम," तो म्हणाला, "लई मजबूत हाय." खरोखरच मजबूत होता. अण्णांनी तो ब्रेकला गुंडाळून रिबिटा मारल्या. पाटलांनी दिली बैलगाडीच्या आसाची लोखंडी खीळ. ती क्लचच्या दांडीला बसली, अगदी खाली, पोटाच्या बाजूला. ती बसवायला अण्णांना उताणं झोपून ट्रॅक्टरखाली सरकावं लागलं होतं.

आणि डिझेलच्या टाकीखालचं रबर. ते विरघळून गेलं होतं, त्यामुळे टाकी थरथरायची आणि तिची नळी सारखी तुटायची. अण्णांनी घरभर नजर फिरवली. कोपऱ्यात माझी चुंबळ होती, हंडा डोक्यावर ठेवायच्या आधी ठेवतात ती, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची, मायनं घट्ट वळलेली. अण्णांनी ती टाकीखाली दाबून पाहिली. टाकी अशी बसली जणू तिच्यासाठीच केलेली होती. "आता ही हितंच ऱ्हाणार," अण्णा म्हणाले. मला आनंद झाला, कारण चुंबळ तिथे म्हणजे हंडा डोक्यावर नाही. नळी पुन्हा तुटली नाही. आठ-आठ दिवस मी सलग शाळेत जाऊ लागले. गुरुजींना वाटलं, मला भूमितीची गोडी लागली.

असं चाललं होतं, तेवढ्यात खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गावात सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात. ज्याच्या जिवावर पोट भरतं ते हत्यार धुऊन, हळदकुंकू लावून ठेवायचं आणि दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. आमच्याकडे दीक्षेपासून हे बंद झालं होतं. दसरा आमचाही, पण आमच्या तऱ्हेचा. पांढरे कपडे, चौथऱ्यावर वंदना. त्यामुळे खंडेनवमीची आम्हाला आठवणही नव्हती. सकाळी अण्णा ट्रॅक्टर पुसत होते, तेवढ्यात दारात माणसं उभी राहिली. पुढे गिरणीवाला, त्याच्या मागे हॉटेलवाला, न्हावी, आणि सगळ्यात मागे कडक टोपी घातलेले पाटील. प्रत्येकाच्या हातात कुंकवाची वाटी.

"मुकादम, मपला पट्टा द्या," गिरणीवाला म्हणाला. "आज पूजेचा दिवस हाय."

"माझा बी," न्हावी म्हणाला. "धंद्याचं हत्यार हाय, आज घरात पायजे."

अण्णा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "न्या की. पण मग आज पाणी न्हाई. उद्या बी न्हाई."

हे कुणी लक्षातच घेतलं नव्हतं. पूजा केलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, म्हणजे दोन दिवस ट्रॅक्टर बंद. दोन दिवस ट्रॅक्टर बंद म्हणजे ऐन सणात गाव कोरडं. आणि मला दिसत होतं ते वेगळंच. पट्टा एकदा घरी गेला की तो देव्हाऱ्यातून परत येईल याचा भरवसा काय? सहामाही तोंडावर आली होती. मी दाराआड उभी राहून मनातल्या मनात हंडा उचलत होते.

गावातल्या बायकाही घागरी घेऊन आल्या होत्या, पाण्याची वेळ झाली म्हणून. त्यांना कळलं तेव्हा पाटलीणबाई सरळ नवऱ्यावरच घसरल्या. "पुरण काय कुंकवात शिजवायचं का?"

सगळ्यांनी जाणत्यांकडे पाहिलं. तेही आले होते, अशा ठिकाणी ते चुकत नसत. त्यांनी डोळे मिटले. "हत्यार काढायचंच कशाला?" ते म्हणाले. "हाय तिथंच कुंकू लावा. हत्यार जाग्यावरून हललं न्हाई पायजे, येवढंच. ट्रॅक्टर हलंना का!"

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण चालत्या ट्रॅक्टरमधला पट्टा हलत नाही असं सांगणारा माणूस पुन्हा भेटला नाही. गावानं मान डोलावली. आता अडचण एकच होती, अण्णांची. ते दारात आडवे उभे राहिले.

"माझ्या अंगणात पूजा व्हायची न्हाई," ते म्हणाले. "मी शब्द दिलाय. दीक्षा घेतल्याली हाय."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण मी त्यांना ओळखत होते, ते आता हलणार नव्हते. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी इतका राग आला की रडू फुटलं. शब्द त्यांचा, आणि हंडा माझ्या डोक्यावर. माय खडीवर निघाली होती, हातात भाकरीचं फडकं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"अंगण आपलं हाय," माय म्हणाली. "रस्ता कुठं आपला हाय?"

अण्णांनी क्षणभर विचार केला. मग ब्रेक सैल केला. मायनं आणि त्यांनी मिळून ट्रॅक्टर ढकलत बाहेर नेऊन रस्त्यावर उभा केला. "रस्ता सरकारचा हाय," अण्णा म्हणाले, "हितं काय करायचं ते करा. मी बघणार न्हाई." आणि दारात येऊन ट्रॅक्टरकडे पाठ करून बसले. मी मात्र बघितलं. एवढी करमणूक पुन्हा कुठे होणार होती.

झेंडू त्या साली कुठेच नव्हता. बाभळीची पिवळी फुलं आणली होती. गिरणीवाल्यानं बॉनेट उघडून पट्ट्यावर कुंकू लावलं. हॉटेलवाल्यानं डोकं आत घालून गाळणीला नमस्कार केला, डिझेलच्या वासानं शिंकला आणि त्यालाच शुभशकुन समजला. न्हाव्यानं ब्रेकला हळद लावली. प्रत्येक जण फक्त आपल्याच भागाला कुंकू लावत होता. चुकून बोट ट्रॅक्टरला लागलं तर धोतराला पुसत होता. ट्रॅक्टरला देवी आल्यासारखे लाल ठिपके उठले.

मग आली पाटलांची पाळी. खीळ पोटाखाली. त्यांनी सालगड्याला खूण केली. सालगडी आमच्याच वस्तीतला. "मालक, मला दीक्षा झाल्याली हाय," तो खाली मान घालून म्हणाला. हसू दाबायला त्यानं ओठ आत घेतले होते. गडी नाही तर दुसरं कोण? हत्यार मालकाच्याच हातानं पुजायचं असतं. शेवटी पाटलांनी टोपी काढून पाटलीणबाईंच्या हातात दिली आणि आमच्या वस्तीच्या रस्त्यावर, फुफाट्यात, उताणे झोपले. सरकत सरकत ट्रॅक्टरखाली गेले. बाहेर फक्त पाय आणि वहाणा. आतून मंत्र आला, मग 'अगं आई गं' आलं. कुंकू डोळ्यात गेलं होतं, आणि कुंकवामागोमाग काळं तेल.

पाटील बाहेर आले ते डोळे मिटून, हात पसरून. "पाणी, पाणी!"

टिपाडं कोरडी. नळी कोरडी. बायकांच्या घागरी रिकाम्या. पाणी होतं ते आमच्या घरात, माठाच्या तळाशी. जाणते डोळे मिटायलाही विसरले. माय आत गेली, तांब्या भरून आणला आणि पाटलांसमोर उभी राहिली.

"हात धरा, पाटील."

पाटलांनी ओंजळ धरली. मायनं वरून धार सोडली. त्यांनी डोळे धुतले, तोंड धुतलं, पुन्हा ओंजळ धरली. थोडं पाणी तोंडात गेलं आणि त्यांनी ते थुंकलं नाही. मी जवळ होते, मी पाहिलं. मायनंही पाहिलं. तिनं तांब्या रिकामा होईपर्यंत धार सोडली.

"डोळ्यात गेल्यालं पाणी पोटात गेल्यालं धरत न्हाईत," जाणत्यांनी घसा साफ करून सांगितलं, आणि लोक सुटल्यासारखे हलले.

तेवढ्यात पाटलीणबाईंची नजर टाकीखाली गेली. "ही चुंबळ कुणाची?"

"माझी," मी म्हणाले.

"मग तुझं बी हत्यारच झालं की. लाव की कुंकू."

"आमच्यात लावत न्हाईत," मी म्हणाले. अण्णा अजूनही पाठ करूनच बसले होते, पण त्यांची मान हलली.

तासाभरात ट्रॅक्टर धाड्धाड् करत नदीकडे गेला. दसऱ्याला पुरण शिजलं. सहामाही मी दिली, आणि उन्हाळ्याच्या तोंडी बोर्डाची परीक्षाही दिली. शिरूरच्या केंद्रावर अण्णा मला त्याच ट्रॅक्टरवरून सोडायचे. मी मागे टिपाडाला धरून उभी, तोंडानं प्रमेयं म्हणत.

मृगात पाऊस आला, भरपूर आला. विहिरी भरल्या. पहिल्या उघडिपीला सगळे एकामागोमाग आले. गिरणीवाल्यानं पट्टा नेला. न्हाव्यानं ब्रेक सोडवून नेला, त्याचा वस्तरा घासायला तो आता उपयोगाचा नव्हता तरी नेला. हॉटेलवाला गाळणी घेऊन गेला. ती त्यानं राखेनं घासून घासून धुतल्याचं मी पाहिलं. पाटलांनी खीळ काढायला गावातला माणूस पाठवला, नळीही गुंडाळून नेली. जाताना त्या माणसानं अण्णांना अर्ध्या नावानं हाक मारली. खांबावरचे कप तर कधी उतरलेच नव्हते. मला त्या दिवशी जो संताप आला तो अजून पुरता गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

ट्रॅक्टर अंगणात उभा होता. पट्टा नाही, गाळणी नाही, ब्रेक नाही, खीळ नाही. वस्तीतल्या विहिरीला पाणी आलं होतं. मायनं हंडा घासला, टाकीखालून चुंबळ ओढून काढली, तिची धूळ झटकली आणि माझ्यासमोर धरली. माय वाईट नव्हती. दहावी झाली होती, विहीर जवळ होती, आणि तिचे हात खडीनं फाटले होते.

अण्णांनी तिच्या हातातून चुंबळ घेतली. ट्रॅक्टरपाशी गेले, टाकी उचलली आणि चुंबळ होती तिथं नीट दाबून बसवली.

"ह्यो पार्ट काढायचा न्हाई," ते म्हणाले. "काढला की गाडी बंद पडंल."

मग हंडा खांद्यावर घेऊन ते स्वतः विहिरीवर गेले. बायका हसल्या. निकाल लागल्यावर मला त्यांनी नांदेडला अकरावीत घातलं.